अर्धा आत, अर्धा बाहेर

मी ओकच्या लाकडाचा एक बाक बोलतोय. मला टेकायला पाठ नाही, त्यामुळे माझ्यावर कुणाला झोप लागत नाही. म्हणूनच मला वसाहतीच्या प्रतिनिधीसभेसाठी बनवलं असावं. बंदरातल्या आमच्या सभागृहाचा नियम होता की सभेच्या बाकावर बसेल तो हजर आणि उभा राहील तो पाहुणा.

बाकाला माणसं फार जवळून कळतात. भाषण लांबलं की सगळ्यांच्या टाचा हलतात. बोलणारा अडखळला की खाली बसून माझी कड घट्ट धरतो.

एका शरद ऋतूत जहाजाबरोबर बंदरात देवीची साथ आली. आजारी घरांच्या दारांवर खुणेची लाल फडकी लटकू लागली. सभा शहरापासून लांब, एका खेड्यातल्या खानावळीच्या कोठारात भरवायचं ठरलं. बाकांशिवाय कुणी हजर ठरणार नव्हतं, म्हणून आम्हालाही बैलगाडीत घातलं.

तिथं मला नवलच वाटलं. एरवी खांद्याला खांदा लावणारी माणसं आता हातभर अंतर ठेवून बसत आणि ओरडून बोलत. ज्यांच्या चेहऱ्यावर देवीचे जुने व्रण होते ते ऐटीत मधोमध बसत, कारण त्यांना पुन्हा देवी येणार नव्हत्या. बाकीचे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नाकाला लावत. शहरातून आलेलं पत्र आधी चिमट्यात धरून धुरावर धरत आणि मगच वाचत. शब्दांनाही रोग होतो का, याचा मी बराच विचार केला.

आजारी माणसांना खाडीतल्या बेटावर ठेवलं होतं. तिथली जळाऊ लाकडं आणि पीठ संपत आलं होतं. सभेच्या हुकुमाशिवाय एकही नावाडी तिकडे जाईना, आणि हिवाळा लागल्यामुळे खाडी तर गोठू लागली होती. हुकूम लिहून तयार होता. पण कुणी आजारी पडलेलं, कुणी घाबरून घरी गेलेलं. हुकूम मंजूर करायला लागणारी संख्या भरेना, सभेला एक माणूस कमी पडत होता.

तो माणूस चालत आला. सभेचेच एक सदस्य, ओबादाया प्रॅट. त्यांनी आजारी बायकोला, मेहिटेबलला, स्वतः बेटावर पोचवलं होतं. त्यांना स्वतःला देवी आलेल्या नव्हत्या. ते दारापाशी न येता कुंपणाजवळच थांबले.

आत एकच गलका झाला. त्यांना आत घ्यावं तर सगळ्यांच्या जिवाला धोका, बाहेर ठेवावं तर सभाच होत नाही. अध्यक्ष एलिफलेट हार्डिंग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा बाक दारात सरकवा."

मला ओढलं. माझं एक टोक कोठारात राहिलं, दुसरं बर्फात गेलं.

"वा," आतले एक सदस्य, बेझलील टकर म्हणाले. "मग उद्या मी माझी गाय बाकाला बांधतो. तीही हजर धरा."

"जरूर आणा," अध्यक्ष म्हणाले. "निदान ती थोडक्यात बोलेल."

हसू उसळलं, पण आतल्या टोकावर बसायला कुणी तयार होईना. शेवटी अध्यक्ष स्वतः येऊन बसले. बाहेर ओबादाया बसले. त्यांची थरथर माझ्यातून पार अध्यक्षांपर्यंत पोचत होती.

"प्रॅट, घरी कसं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिला होडीतून उतरवलं, तर मलाच म्हणाली, इथं उभे राहून काय करताय? जा, लाकडं पाठवा."

कारकुनाने ओबादायांचं नाव हजर म्हणून पुकारलं. हुकुमाच्या बाजूने टकरनी सगळ्यांत आधी हात वर केला.

दोनच दिवसांत लाकडाच्या होड्या बेटाला लागल्या.

वसंतात मेहिटेबल बरी होऊन खेड्यात आली. चेहरा व्रणांनी भरलेला, चाल मात्र सरळ. नवऱ्याने माझं तेव्हाचं बाहेरचं टोक दाखवलं, तशी तिने तिथं बसून पाहिलं.

"इथं? त्या थंडीत?"

"तुला लाकडं मिळाली ना?"

"ओली होती," ती म्हणाली, आणि त्यांच्या कोटाची बाही धरून बसून राहिली.

सभा शहरात परतली. तिथं पाठीच्या खुर्च्या आल्या आणि मी इथंच खानावळीच्या भिंतीशी राहिलो. साथ सरून वर्षं झाली, तरी काही जुनी माणसं त्या टोकावर बसत नाहीत. मी त्यांना हसत नाही. भीतीही जवळून पाहिली आहे मी.

एवढंच सांगतो. तुमच्या सभेत कुणाला दाराबाहेर थांबवावं लागलं, तर लगेच नियमाकडे बोट दाखवू नका. आधी बाक ओढून पाहा.