साबण लावून काढलेलं कडं

मी एक कडं. लोखंडाचं, बिननक्षीचं. आज माझ्या तोंडून गोड काही ऐकायला मिळेल ही आशा सोडा. मला माणसांची शिसारी आली आहे.

अमृतसरच्या लोहाराकडे जन्मलो आणि नछत्तर कौरच्या मनगटावर बसून लंडनच्या साउथॉल भागात आलो. अमृत घेतलं, म्हणजे शीख पंथाची दीक्षा घेतली, त्या दिवशी तिनं मला घातलं. जीव असेतो उतरवायचं नाही, हा तिचा नेम. पुढे सतरा वर्षं ती नानच्या कारखान्यात पीठ मळायच्या यंत्रावर होती. यंत्रात मी अडकलो तर तिचा हात जाईल, हे मलाही कळतं. म्हणून ती मला वर सारून घट्ट पट्टी बांधायची.

मार्चमध्ये तपासणीला सरकारी साहेब आला. पट्टी चाचपून म्हणाला, "नीट झाकलंय. चालेल."

विषय तिथेच संपायचा. पण मालक बलराज सिंग सोहोता मध्ये तडमडला. हा गुरुद्वाऱ्याचा प्रधान, म्हणजे अध्यक्ष, हातात सोन्याचं कडं.

"नको साहेब, काढूनच टाकतो. आमची माणसं जरा अडाणी आहेत." मग तिच्याकडे वळून, "बीबीजी, काढा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"आणि तुमचं, प्रधानजी?"

"मी कुठे यंत्रावर उभा असतो?"

घरात मिळवती ती एकटीच. तिनं हात पुढे केला. मी निघेना, तेव्हा या गृहस्थानं स्वतः साबण चोळला. शीख असून! शी! कातडी सोलत मी बाहेर आलो.

नछत्तर माझ्याकडे बघत राहिली. मग फेसासकट मला पुन्हा चढवलं, कामाची टोपी टेबलावर ठेवली आणि निघून आली.

यंत्रासाठी नियम करा बाबांनो, हवे तेवढे करा. पण साहेबापुढे शेपूट हलवायला दुसऱ्याचा नेम मोडू नका.

गेल्या रविवारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात ती रोट्या वाढत होती. प्रधानजी सेवाभावावर भाषण झोडून पंगतीत बसले होते. ती समोर येताच त्यांनी रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पसरले. मी मनात म्हणत होतो, पुढे जा बाई, देऊ नकोस. पण लंगरात कुणाला नाही म्हणत नाहीत. तिनं रोटी ठेवली.

"सोमवारपासून या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कडं घालून या. साहेब काही रोज येत नाही."

नछत्तरनं त्याच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं.

"आणखी एक वाढू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ताटाकडे सरकली.