उत्तरेकडचं आभाळ

“लाल. इथेही लालच!” जोलीन फोन आभाळाकडे रोखून झाडांखाली स्वतःभोवती फिरत होती. तिच्या पायाशी, पाइनच्या वाळक्या सुयांवर, उपग्रहावरून इंटरनेट पकडणारी ती चपटी पांढरी डिश पडली होती, केकच्या ट्रेएवढी. फोनच्या पडद्यावर वरचं आभाळ दिसायचं आणि जिथे फांदी आड येईल तिथे तांबडा डाग पडायचा. जोलीनच्या पडद्यावर गोवर उठल्यासारखं झालं होतं.

“बर्नाडीन, ही सात नंबरची जागा आम्हांला दिली कुणी गं?” तिने हात खाली न घेताच मला विचारलं.

मी या कॅम्पची राखणदार. उन्हाळाभर माझी घरगाडी इथे फुकट उभी करायची आणि त्या बदल्यात संडास धुवायचे, सरपणाच्या मोळ्या विकायच्या आणि रात्री उशिरा जनरेटर चालवणाऱ्यांना दम द्यायचा. आधीचं आयुष्य पोस्टात गेलं. लोकांच्या भानगडी कळूनही तोंड मिटून बसायची सवय तिथेच लागली. पण त्या दिवशी ती सवय ऐन वेळी दगा देऊन गेली.

“मी नाही बाई,” मी म्हटलं. “मी तर बारा नंबर देत होते. कुरणाच्या मधोमध, डोक्यावर एक फांदी नाही. डेल्मरच म्हणाले, सावली हवी.”

जोलीनचा फोन धरलेला हात खाली आला.

डेल्मर तिचा नवरा. तो पलीकडे गाडीच्या चाकाचे बोल्ट आवळत होता. तेच बोल्ट त्याने सकाळी एकदा आवळले होते आणि मी झाडू घेऊन तिथून गेले तेव्हा पुन्हा एकदा. हा माणूस स्वस्थ बसलेला मी पाहिलाच नाही. खुर्ची उघडायचा, बसायचा, उठायचा, खुर्ची मिटून ठेवायचा. नेब्रास्कातल्या एका गावात त्याने अख्खी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर घर विकून दोघं या चाकांवरच्या घरात राहायला आली, आणि तेव्हापासून तीन रात्रींच्या वर त्याने कुठे मुक्काम केलेला नव्हता. नदी असो, डोंगर असो, तिसऱ्या सकाळी साहेब घरगाडी ट्रकला जोडून तयार. हे सगळं मला आदल्या संध्याकाळी सरपण घेताना जोलीनने सांगितलं. सरपण घ्यायला आलेली माणसं पैसे देऊन झाल्यावरही माझ्याशी बोलत उभी राहतात, त्याला मी काय करणार?

तिने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. आज दुपारी दोन वाजता त्यांचा मुलगा क्लिंट पडद्यावर येणार होता. तिकडे नेब्रास्कातल्या तुरुंगात त्याची वेळ ठरलेली होती, आमचे दोन म्हणजे त्यांचे तीन. महिन्यातून एकदा अर्धा तास. तुम्ही असा नाहीतर नसा, घड्याळ सुरू होतं आणि अर्ध्या तासाने पडदा काळा होतो. जून महिना हुकला होता. जुलैही हुकला होता. आमच्या या दरीत फोनला रेंज येत नाही, जवळचं गाव दीड तासावर, आणि आत्ता एक वाजून गेला होता. जी काय आशा होती ती त्या ट्रेएवढ्या डिशवर.

“तू सावली मागितलीस?” जोलीनने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“उन्हात फ्रिज तापतो,” डेल्मर चाकाकडे बघूनच म्हणाला.

“फ्रिज.”

“तापतो म्हणजे तापतो.”

“जूनमध्ये त्या घळीत गाडी घातलीस. म्हणालास, इथे वारा लागत नाही. जुलैमध्ये डिशच्या स्टँडवरून चाक नेलंस. तू! अरे, तू बर्फात शाळेची बस मागे घ्यायचास, कधी कुणाच्या टपालपेटीला खरचटलं नाही. आणि भर उन्हात तुला एवढं मोठं स्टँड दिसलं नाही?”

“चुकून झालं ते.”

“आणि आज फ्रिज!”

मी तिथून निघून जायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. डेल्मरने पाना जमिनीवर टाकला आणि उभा राहिला. उंच माणूस, पाठीत जरासा वाकलेला.

“मला बघवत नाही त्याच्याकडे,” तो म्हणाला. “झालं समाधान? नाही बघवत. ती पोर माझ्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायची. दात पडला की मला दाखवायची. रोज दारात सोडायचो मी तिला, रस्त्यापलीकडे गेली की मगच ब्रेक सोडायचो. आणि तुझ्या पोराने पिऊन गाडी घातली तिच्या अंगावर. आता मी पडद्यासमोर बसून काय म्हणू? कसा आहेस बाळा, जेवलास का?”

त्या मुलीचं नाव मॅकेन्ना. गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ते गाव एवढंसं, किराणा दुकानात तिची आई समोर यायची. डेल्मर हातातली टोपली तिथेच ठेवून बाहेर पडायचा. घर विकलं ते त्यामुळे. हा माणूस तिसऱ्या दिवशी गाडी का जोडतो ते मला त्या क्षणी उमगलं, आणि मला त्याची कणव आली, रागही आला.

“तू बोल असं मी कधी म्हटलं?” जोलीनचा आवाज आता चढला. “मला बोलू दे! तुझा पोरगा नसेल तो, माझा आहे. त्याने काय केलं ते मला ठाऊक नाही असं वाटतं तुला? मी रोज त्या मुलीसाठी रडते आणि रोज त्याच्यासाठीही रडते. फोनवर म्हणालाय तो मला, आई, या वेळी दिसली नाहीस तर मी काय ते समजेन आणि परत वेळ मागणार नाही. आणि नाही मागणार तो. हट्टात तुझ्यावरच गेलाय.”

डेल्मरने पाना उचलला आणि दुसऱ्या चाकाकडे गेला.

मग मी मध्ये पडले. “जोलीन, रडायला नंतर वेळ आहे. तार केवढी आहे तुझी?”

गाडी हलवून उपयोग नव्हता. शुक्रवार होता, मोकळ्या जागा भरल्या होत्या, आणि बारा नंबरवरची मंडळी फोन-बिन काही नको म्हणून मुद्दाम आमच्या रानात आलेली. आम्ही दोघी म्हाताऱ्या डिश घेऊन कुरणाच्या दिशेने निघालो. मागे तार उलगडत गेली. झाडं संपतात तिथे, नेमकी कुरणाच्या तोंडाशी, ती ताणली गेली. एक पाऊलही पुढे येईना. पण एवढ्याने काम झालं. या डिशला लागतं ते उत्तरेकडचं आभाळ. जोलीनने फोन तिकडे धरला आणि पडद्यावर निळंच निळं आलं, कडेला एक लाल ठिपका सोडला तर.

“दिसतंय! बर्नाडीन, दिसतंय गं!”

स्टँडचा तर चुरा झालेला. आम्ही डिश एका खुंटाला टेकवून तिरकी उभी केली, पायथ्याला दगड लावले, आणि जोलीन धावत आत गेली. थोड्या वेळाने गाडीच्या खिडकीतून तिची हाक आली, “जोडलं!”

पण आमच्या दरीत दुपारी वारा सुटतो. रोज सुटतो. मी इथे इतके उन्हाळे काढले, आणि नेमकं तेच माझ्या डोक्यात आलं नाही. पहिल्याच झोताला डिश गवतात तोंडावर पडली. मी उचलली, आणखी दगड लावले, ती पुन्हा पडली. आतून जोलीन ओरडली, “गेलं! बर्नाडीन, तो आला होता, आला आणि गेला!”

मी डिश हातात धरून मागे उभी राहिले. “चित्र अडकतंय,” ती ओरडली. अडकणारच, माझं धूड मध्ये येत होतं. धरायची तर गुडघे टेकून, डिशपेक्षा खाली होऊन धरायला हवी, आणि माझे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी बदललेले. मी वाकून पाहिलं, कंबरेत उसण भरली. आतून जोलीन हाका मारत होती, “क्लिंट? क्लिंट, ऐकू येतंय का बाळा?” तिचा तो आवाज मला सहन होईना.

“डेल्मर!” मी ओरडले. वयाने मोठा माणूस, कालपासून मी अहो-जाहो करत होते, ते सगळं विसरले. “तो पाना टाक आणि इकडे ये! बोलू नकोस, बघू नकोस, पण निदान हे धर!”

तो चाकापाशी तसाच उभा होता. वाटलं, हा आता गाडीत बसून निघून जाईल. मग तो आला. हात पँटला पुसले, माझ्याकडे न बघता गवतात एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि डिश दोन्ही कडांनी धरली. शाळेच्या बसचं मोठं स्टिअरिंग धरावं तशी.

“डोकं,” मी म्हटलं. “तुमचं डोकं वर येतंय. खाली घ्या.”

त्याने मान थोडी खाली केली.

“अजून.”

त्याने मान अजून खाली केली. हनुवटी छातीला टेकली. वारा टोपी घेऊन गेला. त्याने ती उचलायला हात सोडला नाही.

आत जोलीन हसली. रडत हसली. चित्र सुरळीत झालं होतं.

कंबर धरत मी त्यांच्या गाडीच्या दारापर्यंत आले आणि पायरीवर बसले. ऐकायचं नाही असं ठरवून बसले, आणि सगळं ऐकलं. जोलीन त्याला विचारत होती, दाढदुखी थांबली का, तिथल्या कपडे धुण्याच्या कामावर अजून आहे का. तो हळू आवाजात उत्तरं देत होता. पस्तिशीतला माणूस, पण आवाज शाळेतून मार खाऊन आलेल्या मुलाचा. मध्येच तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही आता येत नाही.”

“डिशचा घोळ होता रे. जागा मिळत नव्हती नीट.”

“आणि बाबा?”

मी पायरीवर कान टवकारले. आता ही काय सांगते? झोपलेत म्हणते, की गावात गेलेत म्हणते?

तिने काहीच सांगितलं नाही. टॅबलेट उचलला, मागच्या खिडकीशी नेला आणि त्याचं तोंड बाहेर केलं. पाइनच्या खोडांमधून ती पांढरी तार सरळ उन्हापर्यंत गेलेली, आणि तिच्या टोकाला डेल्मर. गुडघ्यांवर. मान खाली. वाऱ्याने त्याचे विरळ पांढरे केस उभे राहत होते आणि पडत होते. शर्ट पाठीवर फुगत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. मान वर केली असती तर त्याला खिडकी दिसली असती, पण मान वर केली असती तर क्लिंट गेला असता.

“हे काय करतायत ते?” क्लिंटने विचारलं.

“धरून बसलेत,” जोलीन म्हणाली. “त्यांनी सोडलं की तू जाशील.”

त्यानंतर त्या टॅबलेटमधून शब्द आला नाही. मला आधी वाटलं, पुन्हा बंद पडलं. मान वळवून पाहिलं तर चालू होतं. क्लिंट पडद्याच्या अगदी जवळ आला होता आणि बघत होता. जोलीनचा हात अवघडला तेव्हा तिने टॅबलेट खिडकीच्या चौकटीवर टेकवला, पण फिरवला नाही. उरलेला सगळा वेळ तो बघतच राहिला. आपल्या बापाच्या टकलाकडे इतका वेळ कुणी बघितलं नसेल. मी नाक पुसत बसले होते. मग पडदा काळा झाला.

“झालं!” मी ओरडून सांगितलं.

डेल्मर लगेच उठला नाही. बहुधा उठता आलं नसावं. डिश त्याने अलगद गवतावर ठेवली, एक हात खुंटावर रोवून उभा राहिला, आणि मान चोळत आमच्याकडे आला. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग पडले होते. जोलीन दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका झालेला.

“काही बोलला का?” त्याने विचारलं. कुणाबद्दल, ते म्हणाला नाही.

“माझ्याशी बोलला थोडं.”

“तसं नाही.” तो जमिनीकडे बघत होता. “म्हणजे, काही म्हणाला का?”

जोलीनने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “काही म्हणाला नाही.”

डेल्मरने मान हलवली. मग तार गुंडाळायला म्हणून तो वळला, दोन पावलं गेला आणि थांबला.

“ते बारा नंबर,” तो मला म्हणाला. “कधी रिकामं होतंय?”

“रविवारी.”

“महिनाभर मिळेल?”

“नियम चौदा दिवसांचा आहे,” मी म्हटलं. “मग उठावं लागतं.”

“मग चौदा,” तो म्हणाला, आणि कुरणाच्या तोंडाशी जाऊन गवतात आपली टोपी शोधू लागला.