साइडकारमधली मानाची जागा

आईचं डोकं दुखत होतं म्हणून मी तिला दवाखान्यात नेत होतो, आणि मी नेत होतो म्हणून तिचं डोकं दुखत होतं. यातला दुसरा भाग कळायला मला सात महिने लागले.

सुरुवात दाढेने झाली. मार्चमध्ये तिची दाढ ठणकली, म्हणून मी तिला मोटरसायकलवरून तालुक्याला नेलं. अडतीस किलोमीटर. दाढ काढली, पण घरी येईपर्यंत डोकं धरलं. पुढच्या आठवड्यात डोक्यासाठी गेलो. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तिला गरगरत होतं, म्हणून गोळ्या दिल्या. घरी दोन दिवसांनी बरं वाटलं. गोळ्या लागू पडल्या असं ठरवून आम्ही आणखी गोळ्या आणायला गेलो.

आमच्या घरात मानाची जागा दारापासून सगळ्यात लांब, आतल्या भिंतीशी असते. मोटरसायकलवर ती साइडकारमध्ये असते. आईला मागच्या सीटवर बसवलं असतं तर गावाने मला नावं ठेवली असती. एप्रिलमध्ये मी साइडकारवर विलोच्या फांद्या वाकवून कमानी केल्या आणि त्यावर टोमॅटोच्या मांडवाचं प्लास्टिक ताणून बसवलं. मांडीवर लोकरीचा जाड नमदा, पायाशी मेंढीचं कातडं. समोर तेवढी एक फट ठेवली, रस्ता दिसावा म्हणून.

"ऊब लागते ना, आई?" मी दर वेळी विचारायचो.

"लागते," ती म्हणायची आणि डोळे मिटायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी निकाल दिला: आईला उंची मानवत नाही. आई याच उंचीवर जन्मली, वाढली, तिने इथेच चार बाळंतपणं काढली. पण तोपर्यंत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. खाली राजधानीत, बिश्केकला ठेवा, म्हणाले. तिथे माझी मोठी बहीण अनिपा असते, शिवणकाम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, शनिवारी येते आणि घेऊन जाते.

आता आमच्याकडे धाकट्या मुलाने आईवडिलांचं घर सांभाळायचं असतं. घर त्याला मिळतं, आणि आई पण. मी धाकटा. माझं नाव जोल्चुबेक, वय चोवीस, लग्न नाही. आई जावयाच्या घरी राहायला गेली तर मी धाकटा राहिलो, पण कशाचा, हे सांगता आलं नसतं. आणि ते जाऊ दे. आई गेली तर घरात मी आणि भिंतीवरचा गालिचा, एवढेच उरणार होतो.

गुरुवारी शेजारच्या ओस्मोनाली आकेंनी मला कुरणावरून एक मेंढी आणायला सांगितलं. त्यांच्याकडे नातवाच्या बारशाचं जेवण होतं. आके म्हणजे वडीलधारे दादा; हे ओस्मोनाली आके एकेकाळी सामुदायिक शेतीचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. शेती गेली, ट्रॅक्टर गेले, त्यांचं हुकूम सोडणं राहिलं. वारा होता म्हणून मी मेंढीला साइडकारमध्ये प्लास्टिकखाली बसवलं. मान देऊन.

पोचलो तेव्हा मेंढीने मान टाकली होती. उतरवली तर पुढचे पाय दुमडून तोंडावर आली. आके सुरी घेऊन उभे होते, त्यांनी सुरी खाली केली.

"हिला काय झालंय?"

"उंची मानवत नसेल," मी म्हणालो. सवयीने.

"मेंढीला?"

आजारी जनावर कापायचं नसतं, म्हणून सगळे पाहुणे अंगणात मेंढीकडे बघत चहा पीत बसले. अर्ध्या तासाने मेंढी उठली, आकेंच्या वाफ्यात गेली आणि तिने दोन कोबी खाल्ले.

"गाडी सुरू कर," आके म्हणाले.

त्यांनी उजव्या सिलेंडरजवळ तळहात धरला. जिथे सायलेन्सरचा पाइप सिलेंडरला जोडलेला असतो तिथे काजळीचा पट्टा उमटला होता. फट, फट, फट असा बारीक आवाज येत होता. तो आवाज मला माहीत होता. मला वाटायचं, गाडीचा स्वभाव आहे.

"सांध्यातलं गॅस्केट गेलंय. दोन्हीकडचं. डावीकडचा धूर रानात जातो. उजवीकडचा कुठे जातो?"

मी बघितलं. पाइपाच्या त्या तोंडासमोर साइडकार होती, आणि साइडकारला मी ठेवलेली फट.

"तुझ्या आईला या मेंढीइतकं तरी मोकळं सोडायचंस," आके म्हणाले आणि सुरी पुसायला आत गेले.

शुक्रवारी मी गाडी अंगणात घेतली. पाइप धरून ठेवणारा जाड नट सिलेंडरला असा चिकटला होता की जणू दोघांचं लग्न झालंय. रॉकेल ओतलं, वाट पाहिली, छिन्नी टेकवून हातोडीने हळूहळू फिरवला. पाइप निघाला. आतली गॅस्केटची कडी जळक्या भाकरीच्या कडेसारखी होती, हात लावताच तिचा भुगा झाला. याच्या भरवशावर मी आईला सात महिने फिरवलं होतं.

नवी गॅस्केट तालुक्याला मिळाली असती, पण तालुक्याला जायला गाडी लागते. आकेंनी जाड तांब्याची तार दिली. तिच्या दोन कड्या केल्या, टोकं कानसून जुळवली. मग चुलीत लाल केल्या आणि पाण्यात टाकल्या. त्याने तांबं मऊ पडतं, दाबलं की खाच भरतं. आई चुलीपाशी बसून बघत होती.

"काय शिजवतोयस?"

"तुझं डोकं," मी म्हणालो.

ती हसली. मला हसू आलं नाही. धुराचं मी तिला अजून सांगितलं नव्हतं. गाडीत जरा बिघाड आहे, एवढंच म्हणालो होतो. वाक्य मी खूपदा मनात जुळवलं, पण 'आई, मी तुला' याच्या पुढे ते जात नव्हतं.

शनिवारी सकाळी खाच पॉलिश पेपरने घासली, कड्या बसवल्या, नट आवळले. आके कुंपणावरून म्हणाले, "इंजीन तापव, निवू दे, मग पुन्हा आवळ. तांबं पहिल्या तापात दबतं."

इंजीन तापवलं. आवाज गोल, बंद, सुरेख. निवायची वाट बघत होतो तेवढ्यात फाटकात मिनीबस थांबली आणि अनिपा उतरली. पाहुणा दारात आला की आधी पाव मोडायचा, चहा द्यायचा. मी पाना खाली ठेवला.

चहावर मी तिला सगळं सांगितलं. मेंढीसकट. आई बोर्सोकच्या, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, ताटाकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे तू आईला गॅस देत होतास," अनिपा म्हणाली.

"नकळत."

"नकळत सात महिने?"

"आता दुरुस्त केलंय. दर्ग्यापर्यंत जाऊन येऊ, वीस किलोमीटर. उतरल्यावर डोकं दुखलं नाही तर आई आजारी नाही. मग न्यायचं कारणच नाही."

अनिपाने कबूल केलं. पण आई साइडकारमध्ये बसेना. "पाहुणी ती आहे," म्हणाली आणि माझ्यामागे टांग टाकून बसली, चौसष्टाव्या वर्षी. मानाची जागा अनिपाला मिळाली. मी प्लास्टिक काढणार होतो, पण तिने शहरातला पातळ कोट घातला होता. गॅस्केट नवं आहे, असू दे, म्हटलं.

जाताना छान गेलो. परत येताना पुलाशी आवाज आला. फट. मग थोडं थांबून, फट, फट.

मी तो ऐकला. आणि स्वतःला म्हणालो, वारा आहे. मग म्हणालो, चेन आहे. थांबलो असतो तर पाना काढावा लागला असता, अनिपाने बघितलं असतं, आणि आई गेली असती. घर चार किलोमीटरवर होतं. चार किलोमीटर कुणालाही निभतात. मी वेग वाढवला.

पॉप्लरच्या रांगेपाशी मी साइडकारकडे बघितलं. अनिपाचं डोकं प्लास्टिकला टेकलं होतं आणि खड्ड्यागणिक हलत होतं.

गाडी कशी थांबवली आठवत नाही. कमानी मोडून तिला बाहेर ओढलं, रस्त्याच्या कडेला गवतात झोपवलं. ओठ हलत नव्हते. आईने तिचा कोट उघडला, गालावर दोन चापट्या मारल्या. तिसरीला अनिपाने डोळे उघडले, कुशीवर वळली आणि सगळे बोर्सोक ओकली.

मग अनिपा उठून बसली.

"हेच," ती म्हणाली. "आई फोनवर सांगायची ते हेच. मागून हातोडी मारल्यासारखं."

आईने तिचं तोंड पुसलं. "हिला इथली उंची मानवत नाही. हिला शहरात ठेवायला हवं."

मला वाटलं आता सगळे हसतील. मीच थोडा हसलो. एकटा.

"आवाज कधीपासून येत होता?" अनिपाने मला विचारलं.

'आत्ताच' म्हणता आलं असतं. गाडी माझी, कान माझे.

"पुलापासून," मी म्हणालो.

तिने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. पूल दिसत नव्हता, इतका लांब होता.

"मलाही आला," आई म्हणाली. "पुलाशीच. म्हटलं, तुला कळलं असेल, तू थांबशील."

"आणि धुराचा वास? सात महिने?" अनिपाने तिला विचारलं.

"यायचा की. पण त्याने एवढा मांडव घातला होता. दर वेळी विचारायचा, ऊब लागते ना. लागायची." ती माझ्याकडे वळली. "तुलाही वास येत असेल, जोल्चू."

"यायचा," मी म्हणालो.

आईने अनिपाच्या कोटाची बटणं लावली. सगळी, खालपासून वरपर्यंत.

"आपण दोघं एका घरात राहिलो तर मरू," ती मला म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. "तू बोलत नाहीस, मी बोलत नाही. घरात बोलणारं एक माणूस हवं. ही बोलते. हिवाळाभर जाते हिच्याकडे."

"पण तू आजारी नाहीस. हे बघ ना, आता सिद्ध झालं."

"झालं की," आई म्हणाली. "म्हणून तर प्रवास झेपेल."

उंचीचा दोष असता तर मी उंचीशी भांडलो असतो. मी पाना काढून नट आवळायला बसलो. तो तापलेला होता, बोटं भाजली, तरी आवळला. दोघींपैकी कुणीही गाडीत बसायला तयार नव्हती. सामान बांधायला त्या पायीच घराकडे निघाल्या, आणि मी इंजीन बंद ठेवून गाडी ढकलत मागे.

घरापर्यंत सगळा चढ आहे. अनिपा दर शंभर पावलांवर थांबत होती. आई एकदाही थांबली नाही. तिची तब्येत उत्तम होती.