अंबरच्या नहरीचं पाणी

मलिक अंबरचा विषय निघाला की मुरलीधररावांना आवरणं कठीण. लंडनच्या हाउन्सलोतल्या मराठी मंडळात दर वर्षी त्यांचं व्याख्यान ठरलेलं. लोक जांभया देत, मोबाइल बघत, पण हे आपले सुरूच. इथिओपियातून आणून गुलामांच्या बाजारात विकलं गेलेलं एक हबशी पोर दख्खनला येतं काय, निजामशाहीचा कारभार हाती घेतं काय, मुघल फौजांना जेरीस आणतं काय. त्याने खडकी, म्हणजे आपलं औरंगाबाद वसवलं आणि नहर खोदून शहराला पाणी दिलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "मी त्या नहरीचं पाणी पिऊन वाढलोय," हे शेवटचं वाक्य. त्यांच्या पत्नी सुचेताबाई होत्या तोवर पहिल्या रांगेत बसून तेही त्यांच्याआधी पुटपुटायच्या.

आता बघा गंमत. त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, वरदाने लग्न ठरवलं ते इद्रिसशी. ती साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, तो तिथलाच भूलतज्ज्ञ, लहानपणी इथिओपियाहून आलेला. मुरलीधररावांनी फोनवर सांगून टाकलं, लग्नाला मी येणार नाही. मग एका रविवारी ती त्याला घेऊनच आली.

"बाबा, एकदा भेटा. नंतर नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही," ती म्हणाली. ती खरंच विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. हट्टात ती बापावरच गेली होती.

इद्रिस आला, बसला, आणि या गृहस्थांनी त्याला साधं पाणी विचारलं नाही. आपल्याकडे दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा पाणी विचारतात हो. सुचेताबाई असत्या तर त्यांनी डोळे वटारले असते.

जेवणं झाली. इद्रिसने आमटी दोनदा मागून घेतली, तेही यांना खुपलं. स्वयंपाकघरात वरदा एकटी सापडताच ते मराठीत म्हणाले, "सगळं जग सोडून तुला हा हबशीच मिळाला?"

मागे इद्रिस उष्टी ताटं घेऊन उभा होता. मराठी त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा एकदम खुलला.

"हबेशा?" तो इंग्रजीत म्हणाला. "अंकल, तुम्हाला हा शब्द कसा माहीत? आम्ही स्वतःला हेच म्हणतो. माझी आई सांगते, कुठेही जा, आपण हबेशा आहोत हे विसरायचं नाही."

मंडळात छाती फुगवून उच्चारलेला तोच शब्द मुरलीधररावांनी आत्ता थुंकल्यासारखा टाकला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

वरदा सिंककडे तोंड करून उभी होती. "त्याला सांगा ना बाबा, तुमचा गोष्ट. मंडळात सांगता तो." तिचं मराठी असंच धडपडणारं, पण आवाज कोरडा ठणठणीत होता.

त्यांनी सांगितलं. इंग्रजीत, खाली बघत, आवाज न चढवता. इद्रिस मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "त्याच्या आईला कधी कळलं का, आपला मुलगा कुठे पोचला ते?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"नाही," मुरलीधरराव म्हणाले. "कसं कळणार? पोर गेलं ते गेलंच."

आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष वरदाकडे गेलं. ती कोटाच्या बाहीत हात घालत होती. ही आता गेली तर परत येणार नाही.

ते उठले. फडताळातून सुचेताबाईंचा तांब्या काढला, नळाखाली भरला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी इद्रिसपुढे धरलं.

"घ्या, पाणी घ्या," ते मराठीतच म्हणाले. "मघाशी विचारायचं राहिलं. चुकलं माझं."

इद्रिसला फक्त पाणी कळलं. तो सगळं प्यायला. पण ते 'घ्या' वरदाला कळलं. मुलीच्या मित्राला बाबा 'घे' म्हणाले असते. एवढ्या तरुण माणसाला 'घ्या' म्हणतात ते जावई असला तरच.

तिने अर्धा चढवलेला कोट काढून खुर्चीवर टाकला.

"बाबा," ती म्हणाली, "मला पण द्या."