तिसरी बादली

भट्टीदादांचा उजवा हात प्लास्टरमधून बाहेर आला तेव्हा तो त्यांचा वाटेना. सुजलेला, ताठ आणि हट्टी. हट्टीपणा तेवढा धन्याकडून उचललाय, असं त्यांची बायको म्हणायची.

बत्तीस वर्षं दादा कारखान्यात काच फुंकत होते. लांब लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकायचं, आणि दोन्ही हातांनी नळी सतत फिरवत राहायची. क्षणभर थांबलात की गोळा एका बाजूला ओघळतो. पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं वळेनात. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत भट्टीपुढची जागा तुमची, मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. म्हणजे दादांनी पुढे खोकी चिकटवत बसायचं. जीव मुठीत धरावा म्हटलं, तर मूठच मिटत नव्हती.

फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी उपाय सांगितला तो अगदीच घरगुती. तीन मिनिटं हात गरम पाण्यात, लगेच एक मिनिट गार पाण्यात, अशा पाच फेऱ्या. मग बोटांचा व्यायाम.

"आणि काका, पाणी किती गरम ते काकू बघतील. तुमच्या कातडीवर माझा भरवसा नाही."

ते खरंच होतं. ज्या पाण्यात दुसऱ्याची साल निघेल, ते दादांना आंघोळीला बरं वाटायचं.

तीन आठवडे दादांनी एक दिवस चुकवला नाही. आणि फरक? तिळाएवढा नाही. डॉक्टरीणबाईंनी सूज दाबून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "काका, घरी करता तसं माझ्यासमोर करून दाखवा."

दोन बादल्या आल्या. दादा स्टुलावर बसले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"तिसरी कुठाय?"

"कसली तिसरी?"

"मधली. कोमट. गरमातून कोमटात, कोमटातून गारात. पाच-पाच मिनिटं निवू देतो मी हात."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. रोज ती बादली भरून देणाऱ्या त्याच होत्या.

"अहो डॉक्टर," दादा समजुतीच्या सुरात म्हणाले, "तापलेली काच एकदम गार केली की तडकते. आम्ही ती रात्रभर हळूहळू निववतो. एवढी वर्षं हेच केलंय मी."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी दादांचा हात आपल्या हातात घेतला. "काच बिचारी पडून राहते. हात पडून राहत नाही. गरम लागलं की आतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गार लागलं की आवळतात. या उघडझापीनं सूज हलायला मदत होते. तुम्ही मधे कोमट घालून त्याला काही कळूच देत नाही."

दादांना पटलं, पण भीती गेली नाही. त्यांना खरोखर भीती वाटत होती. तडकण्याचा तो बारीक 'टण्' आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता, आणि दर वेळी काहीतरी कायमचं वाया गेलं होतं. तीन मिनिटं झाली. त्यांनी डोळे मिटले आणि तापलेला हात गार पाण्यात खुपसला.

दातखीळ बसायची वेळ आली. ते कान देऊन बसले. काही तडकलं नाही.

मिनिटाने हात परत गरम पाण्यात गेला, आणि दादांनी डोळे उघडून पाहिलं. पांढुरक्या बोटांत लाली चढत होती. आधी टोकं, मग पेरं, मग सगळा पंजा. आत मुंग्या धावत होत्या. त्यांनी आयुष्यभर लाल होणाऱ्या वस्तू पाहिल्या होत्या, पण त्यांना लाल करायला बाहेरून आग लागायची. इथे दोन बादल्या पाणी होतं, आणि बाकीचं सगळं हा हात आपला आपण करत होता.

"अगं, बघ," ते बायकोला म्हणाले.

त्यानंतर दादा रोज बादल्यांपुढे असे बसायचे की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. लाली चढताना पाहण्याचा त्यांना कंटाळा म्हणून आला नाही. सूज उतरत गेली, व्यायामात बोटं जराजरा वळू लागली. पण मूठ अर्ध्यावरच अडायची, आणि मुदत संपायला चार दिवस उरले.

त्या सकाळी पाच फेऱ्या झाल्या, सांडलेलं पाणी टॉवेलने पुसून झालं. दादा चहा पीत बसले. बायको ओला टॉवेल पिळायला आली आणि तो हातात घेऊन उभीच राहिली.

"अहो, हा कुणी पिळला?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?" दादा वर न बघताच म्हणाले.

मग त्यांचा कप हवेतच थांबला.

बायकोने टॉवेल पुन्हा बादलीत बुडवला आणि निथळता तसाच त्यांच्यापुढे धरला. "परत पिळा," ती म्हणाली.

दादांनी दोन्ही टोकं मुठींत घट्ट धरली आणि पीळ दिला. धार लागली, थेंब झाले, थेंबही संपले. त्यांचे हात थांबले नाहीत.