चौथा रकाना

हॅलोवे टेकडीवरच्या तरणतलावात अर्नेस्टीन पेटवे पोहायला शिकली आणि पुढे तिथेच तिनं तेवीस उन्हाळे टेकडीवरच्या पोरांना पोहायला शिकवलं. तो तलाव शहरानं बंद केला त्याला आता एकवीस वर्षं झाली होती. अर्नेस्टीन बाहत्तर वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. गुडघे असे की चर्चच्या तीन पायऱ्या चढताना ती देवाचं नाव घ्यायची, ते काही भक्तीनं नव्हे. पाण्यात गुडघे दुखत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. मरायच्या आधी तिला पुन्हा पोहायचं होतं, आणि ही इच्छा तिनं कोणापासून लपवली नव्हती.

टेकडीला करार नवीन नव्हते. बारा वर्षांपूर्वी पायथ्याशी एक गोदाम झालं तेव्हा ‘अपेक्षित लाभ’ नावाचं एक अख्खं प्रकरण करारात होतं. रहिवाशांना मनोरंजनाच्या वाढीव संधी उपलब्ध होणं अपेक्षित आहे, असं त्यात छापलं होतं. त्या वाढीव संधी आल्या त्या एका बाकाच्या रूपात. लोखंडी, हिरवा, गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून रोवलेला. टेकडीच्या तोंडाला पानं पुसली गेली आणि वर बसायला बाक मिळाला. लोक त्याला ‘लाभ’च म्हणत. “जरा लाभावर टेकते,” असं म्हणून बायका पिशव्या खाली ठेवायच्या.

आता दुसरी कंपनी आली. हजारो संगणक रात्रंदिवस चालवणारी इमारत तिला पायथ्याशी उभारायची होती. टेकडीवरच्या पाच जणांच्या समितीनं एकमुखानं करारावर सह्या केल्याशिवाय मतदान घ्यायचं नाही, असं या खेपेला नगर परिषदेनं ठरवलं होतं. पाचांत अर्नेस्टीन होती. कंपनीचा वकील कॉलिन ब्रँट चाळीस पानांचा मसुदा देऊन गेला.

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात तिनं तो वर्डेल साइक्सला वाचून दाखवला. वर्डेल तिची पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि तेवढ्याच वर्षांची डोकेदुखी.

“‘यंत्रांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून सामुदायिक जलक्रीडा सुविधेस चालना मिळणे अपेक्षित’,” अर्नेस्टीननं वाचलं.

“म्हणजे तलाव?”

“म्हणजे आणखी एक बाक. फार तर ओला.”

वर्डेल हसली, पण अर्नेस्टीनला हसू येईना. तिला मनापासून राग आला होता. बोलाची कढी आणि बोलाचाच भात तिनं बारा वर्षं खाल्ला होता. तिची नजर फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे गेली. शनिवारी बिशप टकरच्या भावाचा दफनविधी होता, त्यानंतरच्या जेवणाची ती यादी होती.

ही यादी तीस वर्षं अर्नेस्टीनच्या हातची. रकाने चार. कोण काय आणणार, किती जणांना पुरेल, किती वाजेपर्यंत. आणि चौथा रकाना, ‘नाही आलं तर’. वर्डेल, हॅम, चाळीस जण, अकरा वाजेपर्यंत. नाही आलं तर लुसील. लुसीलचं हॅम वर्डेलच्या हॅमपेक्षा बरं असतं असं एकदा कोणीतरी म्हणालं होतं, ते वर्डेल अजून विसरली नव्हती. तीस वर्षांत चौथ्या रकान्याची पाळी मोजून तीनदा आली. त्या रकान्यात ज्याला त्याला नेमकं काय झोंबेल ते अर्नेस्टीन लिहिते, हे साऱ्या टेकडीला माहीत होतं.

तिनं फ्रिजवरून यादी काढली आणि पर्समध्ये घातली.

“अगं, माझं हॅम कुठं नेतेस?” वर्डेल म्हणाली.

“वकिलाकडे.”

बैठक वाचनालयातल्या खोलीत झाली. ब्रँट तिशीतला, गोड बोलणारा माणूस. त्यानं डोनट आणले होते. समितीतले तिघं डोनटवर निम्मे विरघळलेच होते. वर्डेल समितीत नव्हती, तरी विणकाम घेऊन मागं बसली होती.

“बाळा, एक सांग,” अर्नेस्टीन म्हणाली. “तलाव होईल असं तुमच्या कंपनीला खरंच वाटतं का?”

“नक्कीच, मिसेस पेटवे. नाहीतर आम्ही लिहिलंच नसतं.”

“मग नीट लिही. हे घे, असं.” तिनं यादी त्याच्यापुढे सरकवली.

ब्रँटनं हॅमचं नाव वाचून भुवया उंचावल्या, पण माणूस हुशार होता. त्यानं पेन काढलं. काय: छप्पर असलेला तरणतलाव, उतरायला उथळ पायऱ्या आणि कठडा. किती: आठवड्याचे सहा दिवस, सकाळी सात ते रात्री आठ, टेकडीवरच्यांना मोफत, पाणी कोमट, चौऱ्याऐंशी अंश फॅरनहाइट. कधीपर्यंत: डिसेंबरचा पहिला रविवार. तीन रकाने झरझर भरले आणि पेन थांबलं.

“या चौथ्यात काय लिहायचं?”

“नाही झालं तर काय, ते.”

“मॅडम, आमच्या सद्भावनेवर तुमचा विश्वास नाही का?”

“सद्भावना वर्डेलचीही असते. तरी मी तिच्यापुढे लुसीलचं नाव लिहितेच.”

“आणि म्हणूनच माझं हॅम वेळेवर येतं,” वर्डेल सुया न थांबवता म्हणाली. “त्या मेल्या लुसीलमुळे.”

ब्रँटनं दंड सुचवला. रकमेचा आकडा मोठा होता. समितीतल्या एकानं हळूच शीळ घातली. अर्नेस्टीननं मान हलवली.

“दंड तुम्ही भराल आणि विसराल. दंडात पोहता येत नाही, बाळा. चौथ्या रकान्यात ते लिहायचं, जे ज्याचं त्याला झोंबतं. तुम्हाला काय हवंय? ती यंत्रं चालायला हवीत. मग लिही: समितीच्या माणसानं पाण्यात कोपर बुडवून सही केल्याशिवाय निम्मी यंत्रं बंद.”

“कोपर?”

“तान्ह्या मुलाला न्हाऊ घालायच्या आधी तुझ्या आईनं काय बुडवलं होतं?”

ब्रँट बाहेर जाऊन तासभर फोनवर बोलला. कंपनी नाही म्हणाली. पुढचे चार आठवडे ती नाहीच म्हणत होती. समितीतला एक जण अर्नेस्टीनला म्हणाला, “हट्टापायी हातचंही जायचं.” ती रात्री जागी पडून तोच विचार करायची. तेलही गेलं, तूपही गेलं असं झालं तर टेकडी तिला माफ करणार नव्हती. पण सही तिनं केली नाही. पाचव्या आठवड्यात ब्रँट आला. चौथा रकाना जसाच्या तसा छापलेला होता.

इमारत भराभर चढली आणि तलाव मागं रेंगाळला. डिसेंबरचा पहिला रविवार आला तेव्हा ब्रँटनं एक पत्र आणलं. ‘किंचित विलंब अपेक्षित’, असं त्यात होतं. महापौरांच्या कचेरीतला माणूस सोबत होता. तो म्हणाला, “मिस अर्नेस्टीन, थोडं समजून घ्या. तलाव बांधून झालाय, पाणीही भरलंय.”

“मग चला, बघू.”

काठावर कंपनीचे सात जण कोट घालून उभे होते. अर्नेस्टीननं बाही वर केली, कठडा धरला, गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या आणि वाकून कोपर बुडवलं.

“गार आहे.”

“एकोणऐंशी आहे,” अभियंता म्हणाला. “पाच अंशांनी काय बिघडतं?”

“तुझं काही नाही बिघडत. गुडघे माझे आहेत.” तिनं टॉवेलनं हात पुसला. “माणसानं हॅम कबूल करून निम्मं आणलं, तर आम्ही लुसीलला बोलावतो.”

सही झाली नाही. निम्मी यंत्रं बंद राहिली. बारा वर्षांत ज्यांना एक बाक वळवून बसवायला वेळ मिळाला नव्हता, तशाच मंडळींना आता दिवसपाळी पुरेना. ट्रक आले, नळ उखडले, नवे बसले. नवव्या दिवशी ब्रँटनं स्वतः फोन केला.

अर्नेस्टीननं कोपर बुडवलं. बराच वेळ बुडवून ठेवलं. मग कोणाकडेही न बघता पेन मागितलं आणि ओल्या हातानं सही केली. अक्षरं थोडी पसरली, पण पेटवे हे नाव नीट वाचता येत होतं. ब्रँट म्हणाला, “मिसेस पेटवे, ती हॅमची यादी मला मिळेल का? आमच्या कचेरीत हवी आहे.” ती म्हणाली, “नक्कल मिळेल. मूळ फ्रिजवर लागते.”

रविवारी चर्च सुटल्यावर सारी टेकडी तलावावर लोटली. बाहेर बर्फ पडत होतं, आत काचा धुरकटल्या होत्या. पोरांनी सकाळीच गोदामापासून तो हिरवा बाक उपटून आणला होता आणि पाण्याकडे तोंड करून ठेवला होता. वर्डेल टॉवेल मांडीवर घेऊन लाभावर बसली.

अर्नेस्टीन एकेक पायरी उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं तसे गुडघे गप्प झाले. तिनं अंग सोडून दिलं आणि हात टाकला. एकवीस वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. पलीकडच्या भिंतीला टेकून ती वळली आणि परत आली, तेव्हा काठावरचे सगळे टाळ्या वाजवत होते. अर्नेस्टीन रडत होती. पाण्यात ते कोणाला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी तिची हरकत नव्हती.

“अगं ए,” वर्डेल ओरडली, “तू बुडालीस तर? चौथ्या रकान्यात कोणाचं नाव आहे?”

“तुझं.”

“मला कुठं पोहता येतं?”

“माहीत आहे. पन्नास वर्षं ऐकतेय. उद्या सकाळी सातला शिकायला ये. नाही आलीस तर लुसीलनं नाव दिलंय.”

सोमवारी सकाळी पावणेसातला अर्नेस्टीन किल्ली घेऊन पोचली, तेव्हा वर्डेल साइक्स बर्फात दाराशी उभी होती, डोक्याला पोहायची टोपी घालून.