न गळणारी कुंडी

दिराचा धंदा नळदुरुस्तीचा. उभी गल्ली त्याला 'वॉशर' म्हणायची, आणि त्याला ते पदवीसारखं वाटायचं. फरशीवर पाण्याचा थेंब दिसला की कुणीतरी आपल्या आईवरून बोलल्यासारखं त्याला व्हायचं.

वहिनी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली, तेव्हा गॅलरीतली केळ त्याच्या स्वाधीन करून गेली. तिच्या आईच्या परसातला शेवटचा कोंब तो. आई गेली, परस विकलं, उरली ही कुंडी. "पाणी तेवढं घाला, भावजी," ती म्हणाली. त्याने घातलं. नात्याला जागून जरा जास्तच घातलं.

वहिनी काठी टेकत घरी आली ती थेट गॅलरीत. पिवळी पानं मान टाकून लोंबत होती. तिने खोडाला नुसता हात लावला, तर केळ स्टँडमधल्या छत्रीसारखी अख्खी वर आली. खाली मुळांच्या जागी काळा गाळ. वास असा, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

"रोपच नाजूक निघालं हो," वॉशर म्हणाला. "तिकडच्या मातीतच दोष असणार."

"असेल. आईची तब्येतही तोळामासाच होती. उगाच तुमच्या गळ्यात मारलं. माफ करा."

हे फार झालं. तिने शिव्या दिल्या असत्या तर तो निदान चहा पिऊन कामाला गेला असता.

वहिनी स्टुलावर बसली. कात्रीने सडकी मुळं कापली, कंद नळाखाली धुतला. दोन मुळं पांढरी निघाली.

"जीव आहे अजून. कुंडी पालथी करा, ही माती टाकून देऊ."

वॉशरला आत्ता काहीतरी आठवलं आणि त्याची कंबर अचानक धरली. मग असल्या कुंड्या पालथ्या केल्या की तडकतात, असंही निघालं. शेवटी वहिनीने काठीनेच कुंडी आडवी केली.

तळाचं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवलेलं. त्यावर अंगठ्याचा ठसा, दस्तावर उमटावा तसा स्वच्छ. पहिल्याच दिवशी कुंडी गळताना दिसली होती, आणि घरचं काम म्हणून त्याने ती फुकटात दुरुस्त केली होती.

वहिनी ठशाकडे बघत राहिली. "काम पक्कं आहे. थेंब गळत नाही."

वॉशरचे कान तापले. "मातीत दोष नव्हता, वहिनी," तो फरशीला म्हणाला. "आईंची माती चांगली होती."

"मला माहीत आहे."

मग तो ड्रिल घेऊन आला आणि इतकी भोकं पाडत सुटला, की वहिनीला मध्ये पडावं लागलं. "भावजी, केळ लावायचीय. पीठ नाही चाळायचं."

मोकळी, कोरडी माती भरली. एक पान ठेवून बाकीची छाटली.

"जगेल?" त्याने हळूच विचारलं.

"जगली तर आईच्या पुण्याईने. मेली तर तुमचं नाव आहेच."

वाटीभर पाणी घातलं. ते खालून ठिबकायला लागलं. वॉशरचा उजवा हात आपसूक खिशातल्या नळाच्या टेपकडे गेला. डाव्याने तो धरून ठेवला.

खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो, गळतंय! तुमच्याकडे प्लंबर राहतो ना?"

"राहतो," वहिनी ओरडली. "त्यांनीच केलंय!"

वॉशरने वाकून कुंडीखाली बशी सरकवली. मग वहिनीकडे बघितलं, आणि गुपचूप काढून घेतली.